चिखलातले बुडबुडे

"जा, सांग तुझ्या बाईंना! म्हणावं, आमच्या पोटावर पाय देऊन तुमचं संशोधन करा!"

वहिनीने हातातला विळा कोपऱ्यात भिरकावला, तसा नावाडी उंबऱ्यातच थबकला. दलदलीतलं लव्हाळं कापायचं, चटया विणायच्या, त्यावर वहिनीचं घर चालायचं. भाऊ गेला तरी नावाड्याचं ताट त्याच घरात वाढलं जात होतं. आणि आता पुढारी गावभर सांगत सुटला होता, की दलदल वाईट वायू सोडते, शहरातून आलेल्या बाईंनीच मोजलंय, तेव्हा भराव टाकून ती बुजवायची. संध्याकाळी काठावरच बैठक होती.

बाईंनी मोजलं होतं हे खरं. कसं मोजलं, ते एकट्या नावाड्याला ठाऊक होतं.

दलदलीत टाकलेल्या फळीवर उभं राहायचं, ठिकठिकाणी चिखलावर डबा उपडा घालायचा, आत जमलेला वायू नळीतून यंत्रात घ्यायचा, असं बाईंचं काम. "काका, मोजताना चिखलाला धक्का नको हं," असं त्यांनी आल्या आल्या बजावलं होतं. नावाड्याला वाटलं, शहरातलं माणूस, चिखलाची किळस असणार. पण यंत्राचा आकडा काही केल्या हलेना आणि बाईंचं तोंड एवढंसं झालं. पोरगी इतक्या लांबून आली आणि रिकाम्या हाताने जाणार, हे त्याला बघवेना. ती यंत्रात डोकं घालून बसलेली असताना त्याने मागून होडीचा बांबू हळूच डब्याशेजारी रोवला. बुडबुडे वर आले, आकडा चढला.

"अरे वा!" बाई म्हणाल्या.

त्या 'अरे वा'ची त्याला चटकच लागली. घरीदारी कोण म्हणत होतं त्याला अरे वा?

बैठकीत बाई अवघडून बोलत होत्या. "एवढं निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. पण आकडे असेच आलेत."

"तुझ्याच होडीतून मोजलं ना रे?" वहिनीने सगळ्यांदेखत विचारलं. "मग बोल की! मिठाची गुळणी धरलीस काय?"

नावाडी मेल्याहून मेला झाला. कसाबसा उठला, बांबू घेऊन फळीवर गेला.

"बाई, यंत्र लावा."

त्याने बांबू चिखलात खुपसला. बुडबुडे आले. आकडा धडाधड चढला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"कुठल्या डब्यापाशी केलंत हे, काका?"

"सगळ्याच."

"पण का?"

"तुम्ही खूश व्हायचात."

काठावर कुणीतरी फिस्सकन हसलं. वहिनीने मान फिरवली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं; पायाखाली एवढी दलदल होती, पण तीही घेईना.

"मग भरावाचं काय?" पुढारी गुरकावला.

"पुन्हा पहिल्यापासून मोजेन. तोवर माझं नाव सांगून एक पाटी मातीही टाकायची नाही." बाईंनी पुढाऱ्याला बजावलं.

आता बाई दुसरी होडी बघणार, असं नावाड्याने धरूनच ठेवलं होतं. पण सकाळी त्या त्याच्याच होडीशी आल्या. फळीपाशी पोचल्यावर त्यांनी हात पुढे केला. त्याने बांबू दिला. तो मांडीवर आडवा धरून त्या मोजायला बसल्या. रिकाम्या हातांचं काय करावं, ते नावाड्याला कळेना.

लांबवर वहिनी लव्हाळं कापत होती. आकडा जेमतेम हलला. बाईंनी तो तसाच लिहून घेतला, 'अरे वा' न म्हणता.