बंद खोलीतली डकोटा

निवृत्त झालेल्या माणसाने दिवसभर घरात काय करावं, हा प्रश्न तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरचा. कोणी पेपर तोंडपाठ करतो, कोणी सुनेच्या आमटीत मीठ शोधत बसतो. निर्मळ गावच्या हिरामणभाऊ वर्तकांनी मात्र कोणाला त्रास दिला नाही. ते विमानं बनवत. जुन्या काळची प्रवासी विमानं, प्लास्टिकची, हातभर पंखांची. सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची आणि मग छोट्या स्प्रे गनने रंग मारायचा. किती निरुपद्रवी छंद, असं गाव म्हणायचं. हिरामणभाऊही तसंच म्हणायचे, आणि घात तिथेच होता.

चौतीस वर्षं ते विमानांच्या वर्कशॉपमध्ये सेफ्टी सुपरवायझर होते. रंगखात्यात कोणाच्या खिशात काडेपेटी सापडली की तो माणूस त्या दिवशी घरी गेलाच म्हणून समजा. आणि हाच कडक माणूस आपल्या मागच्या खोलीत काय करत होता? खिडक्यांना चारी बाजूंनी टेप, दाराखाली ओला टॉवेल. चंदेरी रंगावर धुळीचा एक कण बसला तरी डोळ्यांत खुपतो, आणि वाडीतलं घर म्हणजे धूळ, पाचोळा, चिलटं हे आलंच. आत रंग पातळ करायच्या थिनरचा वास नुसता कोंडलेला असायचा.

त्यांच्या बायकोला, प्रेमलावहिनींना, त्या वासाचा पत्ताच नव्हता. तीन वर्षांपूर्वीच्या मोठ्या तापात त्यांचं नाक गेलं ते गेलंच. दूध करपलं तरी त्यांना कळायचं नाही. पण सासूने घालून दिलेली रीत त्यांनी सोडली नव्हती. रोज दिवेलागणीला धुपाटण्यात फुललेले निखारे घ्यायचे, त्यावर ऊद टाकायचा आणि घरभर फिरायचं. मागच्या खोलीशी आल्या की आतून ओरड यायची, "आत येऊ नकोस, धूळ येते." रंगकाम नसलं तरी ओरड यायचीच. वहिनी मग घटकाभर थांबायच्या आणि खुशाल दार ढकलायच्या. आजवर काही झालं नव्हतं.

एका दुपारी आल्बर्ट आला. शेजारचाच, वर्कशॉपच्या रंगखात्यात जन्म काढलेला. हिरामणभाऊंना त्याला आपलं नवं विमान, जुन्या काळची डकोटा, दाखवायची होती. तो उंबऱ्यातच थबकला.

"आधी खिडकी उघड."

"धूळ येईल रे."

"हिरामण, तू मला एकदा घरी पाठवलं होतंस. खिशात नुसता लायटर होता, पेटवलापण नव्हता. आठवतं?"

"ते वर्कशॉप होतं. हे घर आहे."

"मग थिनरला तसं समजावून सांग. तिथे आम्हाला प्रत्येकाला ठाऊक होतं डब्यात काय आहे ते. इथे वहिनींना ठाऊक आहे?"

हिरामणभाऊ हसले. "तिला सांगितलं तर उद्या माझं सगळं सामान अंगणात पडेल."

"म्हणून सांगत नाहीस?"

त्यावर हिरामणभाऊंनी विषय बदलला. आल्बर्ट चहाला थांबला नाही.

शनिवारी संध्याकाळी डकोटाचा शेवटचा हात चालला होता आणि लाइट गेली. स्प्रे गनला हवा देणारा कंप्रेसर गप्प झाला. बॅटरीसाठी चाचपडताना हिरामणभाऊंचं कोपर डब्याला लागलं. डबा आडवा झाला आणि लिटरभर थिनर टेबलावरून जमिनीवर सांडायला लागलं. डोळे झोंबायला लागले. बोटं ओली झाली, पण डबा काही हाती लागेना. तेवढ्यात पॅसेजमध्ये पावलं वाजली. दाराच्या कडेच्या फटीत तांबूस उजेड दिसला आणि हळूहळू वाढू लागला.

"आत येऊ नकोस!"

"हो हो, धूळ येते. काळोखात कसली डोंबलाची धूळ दिसते तुम्हाला? उजेड घेऊन आलेय," बाहेरून वहिनी म्हणाल्या आणि कडी हलली.

थिनरची वाफ जमिनीलगत सरकत जाते आणि विस्तवापर्यंत पोचते, हे हिरामणभाऊंनी हजार पोरांना शिकवलं होतं. ते धावले. टेबलाला धक्का लागून डकोटा खाली पडली आणि पायाखाली कडकन मोडली. त्यांनी दाराला पाठ लावली.

"प्रेमला, धुपाटणं घेऊन अंगणात जा. विहिरीपाशी. खोलीभर थिनर सांडलंय. आग लागेल."

बाहेर काहीच हालचाल नाही. फटीतला उजेड तिथेच होता. हिरामणभाऊंना देव आठवले. मग उजेड हलला, पावलं लांब गेली.

टेप ओरबाडून, खिडक्या उघडून ते विहिरीपाशी आले. वहिनींनी निखारे विझवले होते.

"मला काही वास आला नाही हो."

"माहीत होतं मला."

"मी रोज विस्तव घेऊन घरभर फिरते, हे माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू बंद पाडलं असतंस म्हणून."

वहिनी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मी तुमच्या वर्कशॉपमध्ये कामाला असते, तर सांगितलं असतं ना?"

चौतीस वर्षं दुसऱ्यांचे खिसे तपासणारा तो माणूस विहिरीच्या काठावर बसून लहान पोरासारखा रडला. आपण बायकोच्या जिवाची किंमत आपल्या छंदाच्याही खाली ठेवली होती, हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं.

हिरामणभाऊ आजही विमानं बनवतात, पण वाडीतल्या उघड्या मांडवात, धूळ बसली तर बसू देत म्हणून. प्रत्येक डब्यात काय आहे हे वहिनींना पाठ आहे, आणि त्या "आता बस" म्हणाल्या की काम थांबतं.

मंडळी, असा एखादा डबा आपल्याही घरात असेल, आपल्या सोयीसाठी झाकून ठेवलेला. परक्यांसाठी आपण धोक्याच्या पाट्या लावतो आणि घरच्यांना गृहीत धरतो. ज्यांच्यासोबत एका छपराखाली राहतो, त्यांना धोका ठाऊक असणं हा त्यांचा हक्क आहे. आज दिवेलागणीच्या आधी सांगून टाका.