नाचणीएवढ्या कोळ्याचा फोटो

शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फोटोवरून कोळी दुर्मिळ जातीचा आहे असं पटलं, तर आमची घळ राखीव यादीत जाणार होती. नाही पटलं, तर झाडं तोडून तिथून रस्ता निघणार होता. कोळी नाचणीच्या दाण्याएवढा. घळीतला पाचोळा माझ्या चाळणीने चाळून मीच काढलेला, ओल्या शेवाळाच्या डबीत ठेवलेला.

प्रिटोरियाहून कोळ्यांची अभ्यासक मुओफे रोज फोन करायची.

"आजोबा, फोटोत त्याचे डोळे दिसत नाहीत. सहा की आठ? सहा असतील तरच ती दुर्मिळ जात."

"अगं, तो उभा राहील तर मोजीन ना!"

"आणि हा अजून पिल्लू दिसतोय. पिल्लावरून जात नाही सांगता येत."

म्हातारपणी मुळाक्षरं शिकलो मी, पण तीसुद्धा या कोळ्यासारखी पळत नव्हती.

"मोपानीच्या झाडावरच्या खायच्या अळ्या वाळत घालायच्या पडल्यात," बायको न्याद्झानी म्हणाली, "आणि तुम्ही कोळ्याचे लाड करा."

गुरुवारी सकाळी कोळी शेवाळावर निपचित दिसला. म्हटलं, आला एकदाचा वळणावर. चिमट्याने उचलून पांढऱ्या बशीत ठेवला, शेवाळ दारात झटकलं आणि अकरा फोटो पाठवले.

फोन लगेच वाजला. "आजोबा, ही नुसती कात आहे! म्हणजे तो आता मोठा झाला असणार. त्याचा फोटो पाठवा. कुठाय तो?"

मी दाराकडे पाहिलं. न्याद्झानी अंगण झाडून, केर आंब्याखाली टाकून परत येत होती.

"चाळणी दे."

"पिठाची? केर चाळायला? डोकं फिरलंय का तुमचं?"

तरी दिली, आणि स्वतःही शेजारी उकिडवी बसली. अंधार पडेपर्यंत त्याच मापाचे तीन कोळी निघाले.

"यातला तुमचा कुठला?"

"मला काय माहीत! कपाळावर लिहिलंय का त्याच्या?"

शुक्रवारी सकाळी तिघांचे फोटो पाहून मुओफे म्हणाली, "दोन तर घरात फिरणारे साधे कोळी आहेत. तिसऱ्याचे डोळे दिसत नाहीत."

भिंगातून मी सहा मोजले, मग आठ, पुन्हा सहा.

"सहा लिहून टाका," न्याद्झानी म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"न दिसलेलं कसं लिहू?"

बाराला पाच कमी असताना यादीच्या अर्जात जातीच्या रकान्यात लिहिलं : ठाऊक नाही. पाठवून दिलं.

मग चाळणी उचलली.

"आता कुठे? यादी तर बंद झाली!"

"झाली तर झाली. झाडं तोडणारे सोमवारी येणार. तोवर घळीत जेवढे सापडतील तेवढे कोळी वाचवून आणतो."

"पिठाची चाळणी ठेवा," ती म्हणाली. "तुमची घ्या."

माझी कुठे ठेवली होती, तेही आठवेना.