जाड बॅटरी

धुळाचा फोन आला तेव्हा प्रांजलचा सगळा जीव पाण्यावरच्या बोटीत होता. धाकट्या भावाशी नीट बोलायचे कष्टच तिनं घेतले नाहीत.

"आक्का, अजून कुठवर चाललंय तुजं?"

"अर्धा तलाव राह्यलाय. घरात माझी काळी पिशवी हाय, त्यातली एक बॅटरी चार्जिंगला लाव."

"कशी लावायची?"

"वायर जोडायची, बटण दाबायचं. त्यात काय हाय?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

प्रांजल सांगलीत सर्व्हेच्या कामावर होती. सुट्टीच्या दिवशी कृष्णेवर रिमोटच्या बोटी पळवणारी सात-आठ मंडळी जमायची, त्यांत ती एकटीच बाई. स्वतः बांधलेल्या बोटीच्या पोटात तिनं खोली मोजायचं यंत्र बसवलं होतं. ते ऐकून गावच्या सरपंचांनी, आप्पासोंनी, तिला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. जतकडच्या आपल्या वाडीतल्या पाझर तलावात गाळ किती आणि पाणी किती, हे मार्चच्या आत कळलं तर टँकरची मागणी वेळेवर करता येणार होती.

दुसरा फेरा निम्म्यावर आला असेल, तोच घराच्या अंगानं धूर उठला. पांढरा, दाट, चुलीच्या धुरासारखा अजिबात नव्हे. प्रांजलनं रिमोट आप्पासोंच्या हातात कोंबला आणि ती बांधावरनं उड्या टाकत पळाली.

अंगणात आई, धोंडुबाई, खोकत बसली होती. पुढ्यात घोंगड्याचा जळका तुकडा आणि मातीचा ढीग. त्या ढिगातून अजून फुसफुस चाललेली. उजवा पंजा तिनं पदरात गुंडाळून धरला होता.

"हात बघू," प्रांजल म्हणाली.

"घोंगडं भायेर वढताना लागलं. पानी घालाय गेले न्हाई, माती टाकली घमेल्यानं."

पदर सोडला तर तळहाताचं कातडं सुटून आलं होतं. प्रांजलला लगोलग राग चढला. मेंढरं तशीच सोडून धुळा धावत येत होता, त्याच्या अंगावर ती चालून गेली.

"कुठं लावली हुतीस बॅटरी?"

"बाजेवर. बटण तिथंच हाय की."

"लोकरीच्या घोंगड्यावर? आन् लावून मेंढराकडं गेलास?"

"तूच म्हनलीस, त्यात काय हाय."

तिला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण आप्पासोंची जीप दारात येऊन थांबली होती, अन् आईला जतला न्यायचं होतं. बोट तलावाच्या मधोमध तशीच राहिली.

दवाखान्यात डॉक्टर जखम धूत होते. बाहेरच्या बाकावर दोघं बहीणभाऊ बसले, मध्ये दोन माणसं बसतील एवढं अंतर ठेवून. प्रांजलच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. लिपो, म्हणजे लिथियमची बॅटरी फरशीवर ठेवून चार्ज करतात, जवळ वाळूची बादली असते. ती चालू असताना तिथनं हलायचं नाही. बोटीतनं काढल्यावर गार होऊ द्यायची. मोठ्या वायरीबरोबर ती पांढरी छोटी पिन पण जोडायची, म्हणजे आतल्या प्रत्येक सेलची ताकद चार्जरला कळते.

"ती पांढरी पिन जोडलीस?"

"बसंना. म्हनून सोडली."

"आन् चार्जरवर चार सेलचं सेटिंग राह्यलेलं, आपली बॅटरी तीन सेलची. जरा बघावं, इचारावं, एवढं बी सुचलं न्हाई? त्या पिशवीत दोन हुत्या. कुठली घेतलीस?"

"जाड हुती ती."

प्रांजलनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"दुसरी बारीक हुती. म्हनलं, ही भरलेली दिसतीय, लय टिकंल," धुळा म्हणाला.

त्या बॅटरीचं पोट फुगलेलं तिनं सकाळीच पाहिलं होतं. बोटानं दाबूनही बघितलं होतं. गेल्या रविवारी तिनंच ती पार संपेपर्यंत दामटली होती, शर्यतीत नदीवरच्या जयराजच्या पुढं जायच्या हट्टापायी. सांगलीला गेल्यावर टाकून देऊ म्हणून ती पुन्हा चांगल्या बॅटरीशेजारीच ठेवली होती. हीच गोष्ट कुणा नवख्यानं केली असती, तर नदीकाठी सगळ्यांदेखत तिनं त्याची सालटी काढली असती.

"फुगलेली बॅटरी चार्ज करायची नसती," ती म्हणाली. आवाज उतरला होता.

"म्हंजे ती खराब हाय, हे तुला ठावं हुतं?"

तिनं मान हलवली, हो म्हणून.

आता धुळा उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही. "आमच्याकडं मेंढरू आजारी पडलं तर आमी त्येला कळपातनं भायेर काढतो. पाठीवर लाल रंग लावतो. दुसऱ्याला कळावं म्हनून. तू आजारी बॅटरी चांगलीसंगं ठेवलीस, वरनं खूण न्हाई, आन् मला म्हनतीस त्यात काय हाय. मी इचारलं नव्हतं व्हय? कशी लावायची म्हनून इचारलं हुतं का न्हाई?"

"इचारलं हुतंस."

"मग का न्हाई सांगितलंस? नदीवरच्या लोकास्नी तासतासभर सांगतीस म्हनं. मी मेंढरं राखतो, मला काय कळनार, व्हय ना?"

त्याचं उत्तर प्रांजलकडं होतं, आणि ते तो म्हणाला तसंच होतं. म्हणून तिला आणखीच संताप आला, त्याचा, स्वतःचा, त्या फोनचा. डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा दोघंही भिंतीकडं बघत होती.

आईला महिनाभर हात ओला करायचा नव्हता. घरी आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "बोट आनली का कुनी पान्यातनं?" आप्पासोंनी ट्यूब टाकून माणूस पोहायला लावला होता आणि बोट काठावर आणली होती.

चौथ्या दिवशी काम पुरं करायचं ठरलं. प्रांजलनं अंगणातल्या फरशीवर उरलेल्या बॅटऱ्या चार्ज केल्या, वाळूचं घमेलं शेजारी ठेवून, अन् शेवटपर्यंत तिथनं उठली नाही. ती तलावाकडं निघाली तर धुळा आधीच बांधावर येऊन बसलेला.

"किती मिनिटं चालवायची?" त्यानं पाण्याकडं बघत विचारलं.

"बारा. त्याच्यावर न्हाई. तळ गाठू द्यायचा न्हाई बॅटरीला."

"का?"

तिनं सांगितलं. सेल म्हणजे काय, तो किती खाली गेला की बिघडतो, आत वायू कसा धरतो, सगळं. तो मध्येमध्ये अडवून विचारत होता, रुक्ष, परक्या माणसासारखा. तिनं एकही प्रश्न टाळला नाही.

बारा मिनिटं होताच धुळा म्हणाला, "घे भायेर." तलावाचा एवढासा कोपरा राहिला होता. अजून मिनिटभरात झाला असता. प्रांजलनं मुकाट्यानं बोट वळवली.

गाळ निम्म्याहून जास्त निघाला. पाणी एप्रिलच्या मध्यापर्यंत जेमतेम पुरणार होतं. आप्पासो मोजणीचा कागद घेऊन लगेच जतला गेले. धुळानं बोट डोक्यावर घेतली आणि घरापर्यंत आणली, पण वाटेत तो चकार शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी ती सांगलीच्या एसटीत बसली तेव्हा तो मेंढरं घेऊन माळावर गेलेला होता. निरोप द्यायला एकटी आईच आली होती, बांधलेला हात छातीशी धरून.

"बोलंल त्यो," आई म्हणाली. "येळ लागंल."

"लागू दे," प्रांजल म्हणाली, आणि खिडकीतनं आईचा डावा हात घट्ट धरून ठेवला, गाडी हलेपर्यंत.