आईने सोडलेला भात

विमलबाईंनी भात सोडला आणि त्यांच्या लेकीच्या, मालूच्या मनात जेवणाच्या वेळेची धास्ती बसली.

भात सोडला म्हणजे नुसता ताटातला भात नव्हे. तांदळाची भाकरी गेली, घावन गेले, पोहे गेले, गणपतीतले मोदकसुद्धा गेले. पेण-रोह्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातून तांदूळ वजा केला तर उरतं काय? नाचणीची भाकरी, वालाचं बिरडं आणि ताक. आई तेवढ्यावर राहिली होती. "माझी मालू नोकरीला लागंपर्यंत भाताचं शीत तोंडात घालणार नाय," असं ती गावदेवीपुढे बोलून आली होती. बोलून आली ती आली, घरात कुणाला विचारलं नाही की नंतर त्याचा उच्चार केला नाही. सगळ्यांना भात वाढायची, वर मायेने तूप सोडायची आणि मग आपली भाकरी घेऊन चुलीपाशी बसायची.

मालूची आत्या हौसा शेजारच्याच घरात राहायची. तिने तेव्हाच तोंड वाजवलं होतं. "वयात आलेल्या पोरीच्या लग्नाचा नवस बोलायचा सोडून नोकरीचा बोललीस? देवीला काय वाटलं असंल गो वैनी!"

"देवी बाईच हाय," आई शांतपणे म्हणाली होती. "तिला कळतं."

मालूने रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केली होती. घराण्यातली पहिली पदवी. रोह्याला एवढे कारखाने, प्रत्येकाची स्वतःची लॅब, पोरगी हातोहात लागेल असं सगळ्यांनाच वाटलं होतं. पण जिथे जावं तिथे अनुभव विचारत, आणि अनुभव द्यायला कुणी तयार नव्हतं. "कळवतो" एवढंच ऐकून ती घरी यायची. वर्गातल्या मुली एकेक करून लग्न होऊन गेल्या. मालू मात्र अजून एसटीच्या तिकिटासाठी, झेरॉक्ससाठी, मोबाइलच्या रिचार्जसाठी बाबांपुढे उभी राहायची. हैबतराव कधी नाही म्हणाले नाहीत. ती जवळ आली की तिने तोंड उघडायच्या आतच त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे जायचा. मालूला वाटायचं, एकदा तरी यांनी ओरडावं. एकदा तरी म्हणावं की किती दिवस पोसायचं तुला. मग निदान भांडता तरी आलं असतं.

भातकापणी झाली, शेतात वाल टाकायचे दिवस आले. त्या दिवशी मालू रोह्याहून मुलाखत देऊन परतली होती. साहेबाने चार प्रश्न विचारले होते, त्यातले तीन तिला येत होते, पण तोंडातून आवाजच फुटला नव्हता. "कळवतो," साहेब म्हणाला होता. ती एसटीतून उतरून बांधावरून घराकडे येत होती, तर शेतात माणसं गोळा झालेली दिसली. आई ओल्या ढेकळांत पडली होती. बाबा तिच्या तोंडावर पाणी मारत होते, आणि हौसाआत्या पदराने वारा घालता घालता बोलत होती, "घाल आता देवीला साकडं! अंगात रगत नाय आन् बाय निघाली नवस पाळायला!"

पेणच्या डॉक्टरांनी मागेच गोळ्या लिहून दिल्या होत्या. नीट जेवा, असंही बजावलं होतं. आईने तिथेच त्यांना विचारलं होतं, "भात काय औषध हाय डॉक्टर? गोळी घेते ना मी."

आईने डोळे उघडले. समोर मालूचे बाहेर जायचे कपडे दिसले तशी तिने पहिला प्रश्न केला, "काय झालं गो तिथं?"

मालूने त्या पांढऱ्या ओठांकडे पाहिलं. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "झालं आई. लागली नोकरी."

साहेबासमोर न फुटलेला आवाज इथे मात्र खणखणीत निघाला.

तिला वाटलं होतं, आई त्याच संध्याकाळी भात खाईल, अंगात थोडं बळ येईल, पुढचं पुढे बघू. पण आईच्या व्रतात अशी घाई कुठली? "देवीपुढं बोलले ते देवीपुढंच फिटायला हवं," ती म्हणाली. नव्या तांदळाचा नैवेद्य व्हायचा, पाच घरच्या सवाष्णी जेवायच्या. आणि या घराची रीत अशी की ज्याच्यासाठी नवस बोलला, त्याने आपल्या हाताने पहिला घास भरवायचा. आईने येणारा मंगळवार धरला. तोवर भाकरीच.

झालं, मालूला आता रोज सकाळी डबा घेऊन निघणं भाग पडलं. बाबा तिला नाक्यापर्यंत सोडायला येत आणि निघताना हळूच म्हणत, "पगार होईपर्यंत लागतील गो तुला," आणि हात खिशाकडे. खोट्या नोकरीला जायचं तिकीटसुद्धा बाबांचंच. 

रोह्याला उतरली की ती कारखान्यांच्या रस्त्याला लागायची. मंगळवारच्या आत कुठेतरी काहीतरी मिळालं तर खोट्याचं खरं होईल, एवढाच एक विचार डोक्यात घोळायचा. एकेका गेटवर बायोडेटा द्यायचा, सिक्युरिटीवाल्याने तो न बघता टेबलावर टाकायचा, पुढचं गेट. दुपारी एखाद्या झाडाखाली डबा उघडायची. त्यात भात असायचा. आईने दाबून भरलेला, वर लिंबाच्या लोणच्याची फोड. तो तिला खाववत नसे, आणि टाकून द्यायचा धीरही होत नसे. फोन वाजला की दचकायची. एकदा अनोळखी नंबर आला तेव्हा हातातलं पाणी सांडलं. कुणीतरी प्लॉट विकत होतं.

सोमवारी ती घरी आली तर ओसरीवर हौसाआत्या भिजवलेले वाल सोलत बसली होती. मालू जवळून जाताना आत्याने नाक वर करून हुंगलं.

"काय गो, तुझ्या कंपनीत काय बनतं?"

"औषधाचा कच्चा माल."

"आमचा पोरगा काळुराम कंपनीतनं घरी आला की वेशीपासून वास येतो. दोन दोन साबण लावले तरी जात नाय. तुझ्या अंगाला तर सकाळच्याच पावडरीचा वास येतोय बाय!"

"मी लॅबमध्ये असते आत्ये. काचेच्या आत."

"व्हय काय? काचेच्या आत!" आत्या हसली आणि पुन्हा वाल सोलू लागली. मालू आत गेली. आई उद्यासाठी तांदूळ निवडत होती, एकेक खडा बाजूला काढत होती. चेहरा इतका आनंदी की मालूला बघवत नव्हता. इतक्या दिवसांनी तिने आपली जुनी हिरवी साडी बाहेर काढून ठेवली होती.

मंगळवार उजाडला. गावदेवीचं देऊळ लहानसं, पुढे पत्र्याचा मांडव. मांडवात भाताचं भांडं उतरवलं, तेव्हा नव्या तांदळाचा वास पार रस्त्यापर्यंत गेला. आईने त्या वासाकडे पाठ केली आणि देवीला हात जोडून उभी राहिली. दाजी गुरवांनी नैवेद्य दाखवला, पानावर भात वाढला, वरण घातलं, तुपाची धार धरली.

"ये बाय, भरव आईला," ते म्हणाले.

मालू आईच्या पाटासमोर बसली. भात कालवला. घास उचलला. आईने डोळे मिटून तोंड पुढे केलं. उपाशी माणसाचं तोंड असतं तसं नव्हतं ते. प्रसाद घेणाऱ्याचं होतं, पूर्ण विश्वासाचं. मालूचा हात आईच्या ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. बोटांवरून तूप ओघळून मनगटावर आलं. एक घास, आणि आईने वर्षभर पाळलेलं मोडणार होतं. तिला कळणारही नव्हतं, आणि देवीला कळणार होतं.

"भरव की गो," मागून आत्या म्हणाली.

"आई," मालू म्हणाली, "खाऊ नको. नोकरी नाय मला. मी खोटं बोलले."

आईचं तोंड मिटलं. मग डोळे उघडले.  

"मग रोज जात होतीस कुठं?" बाबांनी विचारलं.

"गेटांवर. नोकरी मागत."

आईने मालूच्या हातातला घास पानावर परत ठेवला. तांब्यातलं पाणी घेऊन तिचा हात धुतला, बोटं एकेक करून. मग उठली आणि सवाष्णींना म्हणाली, "बसा गो सगळ्या. देवीच्या दारातनं उपाशी जायचं नाय." सगळ्यांना तिने स्वतः वाढलं. बायका माना खाली घालून जेवल्या. हौसाआत्याने दुसऱ्यांदा भात घेतला आणि जाताना मालूच्या पाठीवर हात ठेवून गेली.

मांडव रिकामा झाल्यावर आई मालूजवळ येऊन बसली.

"माझ्यापायी खोटं बोललीस?"

मालूला रडू फुटलं. "तू शेतात पडली होतीस. मी काय करू? साहेबासमोर बसले की मला तुझं ताट दिसतं. वाटतं, आता चुकले तर आई अजून भाकरीवर. मग येत असलेलंपण येत नाय गो. आन् घरी बाबा खिशात हात घालतात. तुम्ही दोघं मला ओरडत का नाय?"

बाबा खांबाशी उभे होते. त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला होता, तो त्यांनी खाली घेतला.

आईने देवीकडे पाहिलं. "मला वाटलं, मी उचललं म्हणजे तुला हलकं होईल," ती म्हणाली. मग तिने गुरवांना हाक मारली. "दाजी, कौल लावा."

"काय विचारू?"

"विचारा, भाताचा नवस मागं घेऊ काय? त्याच्याजागी दुसरं काय सोडायचं ते मी मनात बोलते."

दाजींनी शेवंतीच्या दोन पाकळ्या भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दाजींनी गाऱ्हाणं घातलं. आई हात जोडून उभी, ओठ नुसते हलत होते. पाकळ्या हलेनात.  इतकी भीती मालूला एकाही मुलाखतीत वाटली नव्हती. डाव्या पाकळीचं टोक सुटलं, खाली वळलं. बाबांनी श्वास ओढला. पण ती तशीच लोंबत राहिली, आणि उजवी एकदम सुटून देवीच्या पायांशी पडली.

"दिला कौल!" दाजी म्हणाले.

आईने दंडवत घातला. मग भांड्याच्या तळाशी राहिलेला भात स्वतःच वाढून घेतला आणि मांडवात मांडी घालून जेवली. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत. मालू तिच्याकडे बघत राहिली.

"काय सोडलंस त्याच्याजागी?" घरी परतताना तिने विचारलं.

"ते सांगायचं नसतं."

"आई!"

"सांगितलं असतं तर पुन्हा तुझ्या डोक्यावर बसलं असतं. तू आपली मुलाखतीला जा. आन् ह्यांना," तिने बाबांकडे पाहिलं, "ह्यांना मी सांगते तुला ओरडायला."

"मला नाय ते जमायचं," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मालू आईवर नजर ठेवू लागली. आई भात खायची. घावनही खाल्ले. चहा सकाळी घेतला, दुपारी घेतला, साखर नेहमीइतकीच. केसांत अबोली माळली. पायांत चपला होत्या. पान खाल्लं. हौसाआत्याशी बांधावर बोलत उभी राहिली, हसलीसुद्धा. मालूने बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्यावर चिडायचं सोडलं नाय, एवढं खात्रीनं सांगतो."

पुढच्या मुलाखतीला जाताना रोह्याच्या एसटीत खिडकीशी बसून मालू मनातल्या मनात आईचा सगळा दिवस पहिल्यापासून पाहू लागली, उठल्यापासून निजेपर्यंत. कुठे काही कमी दिसत नव्हतं. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.