फुंकरीने सुरू होणारी मोटारसायकल

माझ्या गॅरेजसमोर त्या सकाळी शंभरेक माणसं जमली होती आणि त्यातला एकही माझ्यासाठी आला नव्हता. सगळ्यांच्या माना फुंकरबाबाकडे. बाबाने दादाच्या मोटारसायकलच्या टाकीचं झाकण काढलं, तोंड खाली नेलं, काहीतरी पुटपुटला आणि टाकीत लांबलचक फुंकर मारली.

"यंत्रालाही प्राण असतो, बेटा! याचा कोंडला होता. मी माझ्यातला दिला. मार किक!"

एका किकेत इंजिन धडधडलं. लोकांनी जयजयकार केला.

ती गाडी आमच्या वडिलांची, पन्नास वर्षांपूर्वीची. सात महिने खपून मी ती नव्याने बांधली होती. पिस्टन बदलला, हँडल ज्यांवर फिरतं त्या बेअरिंगमधल्या छर्‍याच्या गोळ्या नव्या घातल्या. दादाने हौसेने टाकीला आणि झाकणाला चकचकीत मुलामा देऊन आणला. पण रस्त्यावर आल्यावर गाडीची दोन दुखणी निघाली. वीसेक मिनिटांनी इंजिन आचके देऊन बंद पडायचं आणि वेग पन्नासच्या पुढे गेला की हँडल थरथरायचं. गॅरेजात इंजिन तासभर चालायचं, म्हणून मला काही सापडेना. कार्ब्युरेटर तीनदा खोलला, प्लग बदलले. शेवटी दादा बाबाकडे गेला.

बाबाने हँडलवरही उपाय दिला होता. "ही पीडा चाळीस दिवसांनी जाईल. तोवर वेगाचा काटा चाळीसच्या पुढे न्यायचा नाही. वाटेत बंद पडली, तर झाकण उघडून माझं नाव घे नि फुंकर मार."

दादाने तसंच केलं आणि गुण आला! मग काय, माझी गिऱ्हाइकंही गाड्या ढकलत बाबाकडे जाऊ लागली. बावीस वर्षं ग्रीसमध्ये हात काळे करून मला जे मिळालं नाही, ते त्याला एका फुंकरीत मिळालं. मी जळत होतो, दुसरा शब्द नाही.

एकदा दादाची गाडी उभी दिसली. मी पुढचं चाक धरून हलवलं, तर टक् टक् आवाज आला. नव्या गोळ्या काही दिवस चालल्या की आपापल्या जागी बसतात आणि सैल पडतात. त्यांच्यावरचा नट पुन्हा आवळावा लागतो. ते माझंच काम होतं, राहून गेलेलं. तरी मी गप्प बसलो. एकेचाळिसाव्या दिवशी होऊ दे बाबाची फजिती, म्हटलं.

चाळिसाव्या दिवशी वहिनी गॅरेजात आल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात.

"भावजी, उद्या हे पोरीला मागे बसवून हायवेला निघालेत. आता कितीही पळवेन, म्हणतात."

मी सगळं सांगून टाकलं.

वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला बाबाचं बिंग फुटायला हवं होतं की माझ्या माणसांची डोकी?"

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

"बरं, इथे इंजिन बंद का पडत नाही?"

"इथे टाकी लावतच नाही. पेट्रोलची बाटली वर टांगतो, तिची नळी जोडतो."

"बाटलीला बूच?"

"नसतं. उघडीच."

वहिनी नुसत्या हसल्या. "उद्या हायवेआधी यांना गावातच हळू एक फेरी मारायला लावते, तुम्ही पाना घेऊन घरी या."

दुसऱ्या दिवशी पोरीला घेण्याआधी दादाने एकट्याने गावात फेरी मारली. परतताना गाडी दारातच बंद पडली. निरोप द्यायला बाबा भक्तांसह हजर होताच.

वहिनी पुढे झाल्या. "बाबा, आज झाकण न उघडता फुंकर मारा."

"मंत्राला आत जायला वाट नको?"

"तुमची शक्ती पत्र्याला अडते होय?"

लोक हसले. बाबाने टाकीवर फुंकर मारली. दादाने दहा किका मारल्या. इंजिन ढिम्म.

बाबाने डोळे वटारले. "इथे कुणाच्या तरी मनात मत्सर आहे! तोच आड येतोय!"

सगळे माझ्याकडे वळले.

"आहे मत्सर," मी म्हणालो. "पण पेट्रोलला तो कसा कळणार?"

वहिनींनी झाकण उघडलं, टाकीवर वाकून खणखणीत आवाजात सातचा पाढा म्हटला. "सात एके सात..." सत्तर झाल्यावर म्हणाल्या, "मारा किक." इंजिन धडधडलं!

मग त्यांनी तेलाचा डबा मागवला. एकच भोक पाडून उलटा धरला, तर तेल अडखळलं. वर दुसरं पाडलं, तशी धार लागली. "पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याच्या जागी हवा यावी लागते. झाकणात त्यासाठी बारीक भोक असतं. ते मुलाम्याने बुजलंय. झाकण उघडलं की हवा जाते, मग मंत्र म्हणा नाहीतर पाढे. आणि चाळीसच्या आत हँडल थरथरत नव्हतंच, तर पीडा गेली हे कशावरून?"

मी तारेने भोक मोकळं केलं. चारचौघांत माझी चूक सांगून गोळ्यांवरचा नट आवळला आणि आधी एकट्याने गाडी सत्तरपर्यंत पळवून आणली. हँडल ठाम. बाबा तोवर पसार झाला होता. दादा माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. ते बरोबरच होतं.

टाळ्या वहिनींना मिळाल्या आणि खोटं कशाला बोलू, तेव्हाही मी थोडा जळलोच. दोष बाबाला शोधता आला नव्हता, पण मलाही नाही. मी त्याचा राग करत राहिलो आणि झाकण उघडणाऱ्या त्याच्या हातांकडे नीट पाहिलंच नाही. तुम्ही तरी पाहा. कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी विचारा: मंत्राखेरीज याने आणखी काय केलं? आणि ते न करता नुसता मंत्र म्हणायला लावा.