सुलतानबीची भूमिका

गारगोटीच्या सुलतानबीला फोन आला तेव्हा ती भाकरी थापत होती. “भावी सुईणींचं प्रशिक्षण ठरवायचंय, मावशी. त्यात तुमची मोठी भूमिका आहे,” कोल्हापूरच्या प्रशिक्षण केंद्रातले विजयसिंह म्हणाले. चाळीस वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला अखेर कुणीतरी शहाण्यानं विचारलं! ती हरखून गेली. तीन दिवस भिंतीशी बोलत राहिली. पोरींना आधी हात धुवायला शिकवायचं, मग वाट बघायला. दुसरं शिकायला जास्त दिवस लागतात, असं तिचं मत होतं आणि ते खोटं नव्हतं.

केंद्रात साठेक शिकाऊ नर्स बसल्या होत्या. विजयसिंहांनी सुलतानबीच्या हातात फाटकं लुगडं, विळा आणि कापडाची बाहुली दिली.

“हे कशाला वो?”

“तुमची भूमिका! नाटकात तुम्ही अडाणी सुईण. बाळ ओढून काढायचं, विळ्यानं नाळ कापायची. बाळ दगावतं. मग या नर्सबायांपैकीच आमची श्रुती उभी राहून पुढच्या काळातली सुईण कशी असेल ते सांगते.”

सुलतानबीनं विळा खाली ठेवला. भूमिका म्हणजे हे सोंग? तिनं विळा गवताशिवाय कशाला लावला नव्हता. नवं पातं उकळल्याबिगर नाळेला हात लावला नव्हता. तडक एसटी स्टँड गाठावा असं वाटलं, पण समोर साठ पोरी होत्या आणि त्या हेच बघून शिकणार होत्या.

तालीम सुरू झाली. बाळंतीण झालेल्या पोरीच्या चादरीखालून बाहुलीचं डोकं दिसताच तिनं खाली तळवा धरला आणि थांबली.

“ओढा की, मावशी!”

“ओढत न्हाईत, साहेब. कळ येऊ द्या.”

“अहो, असं केलं तर बाळ जगतंय की! ते मरायला पाहिजे.”

सुलतानबीला धड ऐकू आलं की नाही, तेच कळेना. “माझ्या हातानं?”

“खोटं खोटं हो.”

तिनं तळवा मागं घेतला. “दोन बाळं गेल्यात माझ्या हातची. एक शेजारच्या चिमणाबाईचं, एक माझ्या लेकीचं. खोटं कसं मरतंय, ते मला ठावं न्हाय.”

विजयसिंह हातातला कागद उलटसुलट करत राहिले. बाहुली घ्यायला श्रुतीच पुढं आली. तिनं एका हातानं बाहुलीचा पाय धरला.

“मान!” सुलतानबी ओरडली. “आदी मान धर, बाई!”

श्रुतीनं दचकून मानेखाली हात घातला.