काचेची कांडी

माझ्या हाताला धीर नाही, हे आईने लहानपणीच जाहीर केलं होतं. पाच मिनिटं झाली नाहीत तोच मी इडलीपात्राचं झाकण उघडते. चंडीगडला पीएच.डी. करताना हा स्वभाव फार नडला.

माधव, माझा नवरा, एअर फोर्समध्ये. त्याची बदली तिथे झाली आणि मी विद्यापीठात रसायनशास्त्राला नाव घातलं. पिरिडीनपासून एक रेणू बनवायचा, त्याच्या नायट्रोजनने तांब्याच्या अणूला धरायचं, आणि ते नेमकं कसं धरलंय ते शोधायचं, हे माझं काम. पिरिडीनला सडक्या माशांसारखा वास. "नलू, आधी आंघोळ, मग चहा," माधव दारातच सांगे. आज तो वास कुठे आला, तर मला रडू येईल.

सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत माधवची ऑर्डर आली. जोरहाट, मार्चअखेर. माझी बाकीची मोजमापं झाली होती, अडलं होतं स्फटिकापाशी; रेणूची रचना एक्स-रेत दिसते ती स्फटिकातूनच. एक्स-रेसाठी एक धड स्फटिक दाखवा, नाहीतर प्रबंध विसरा, असं गाइडनी बजावलं होतं. माझ्या बीकरात मात्र दर वेळी निळी पूड! दोष माझाच. द्रावण निवायच्या आत मी काचेच्या कांडीने बीकर आतून खरवडायची. त्याने साका लवकर बसतो खरा, पण सगळा एकदम, पिठासारखा.

शेजारच्या टेबलावर जसपाल काम करायचा. बटाल्याकडचा, मला तीन वर्षं सीनियर, कधी आवाज न चढवणारा सरदार. "नलिनी जी, इसको सोने तो दो यार," म्हणायचा.

एका दुपारी शहरात गोळीबार झाला, कर्फ्यू लागणार म्हणून विभाग रिकामा व्हायला लागला. माझं द्रावण नुकतंच गाळून झालं होतं. जाता जाता खरवडून घ्यावं म्हणून मी कांडी उचलली, तर जसपालने ती हातातून काढून घेतली.

"ये मेरे पास रहेगी. क्रिस्टल आ जाएँ, तब मुझसे ले लेना."

"और मेरी थीसिस डूब गई तो?"

"नहीं डूबेगी जी. पक्का."

त्याने बीकरच्या तोंडाला फिल्टर पेपर बांधला, द्रव हळूहळू उडावा म्हणून टाचणीने दोन भोकं पाडली आणि कांडी आपल्या खणात टाकली. मी रागाने त्याचा निरोपही घेतला नाही. ते अजून सलतं.

चार दिवस मी क्वार्टरमध्ये नुसती धुमसत होते. पाचव्या दिवशी प्रयोगशाळा उघडली. बीकरच्या तळाशी पाच स्फटिक होते, तांदळाएवढे, गर्द निळे, कडा कोरून काढल्यासारख्या. "जसपाल!" मी ओरडलेच.

त्याचं स्टूल रिकामं होतं. कर्फ्यू उठताच त्याचे वडील त्याला घेऊन गेले होते. धाकट्या भावाला कुणीतरी घरातून उचलून नेलं होतं. अतिरेक्यांनी की पोलिसांनी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तीन पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही.

एक्स-रे झाला, प्रबंध झाला. निघायच्या दिवशी मी जसपालचा खण उघडला. कांडी तिथेच होती, कापसात नीट गुंडाळलेली. हातात घेतली, आणि परत ठेवली. ती त्याच्याकडून घ्यायची ठरली होती.

इडलीपात्र मी अजूनही मधेच उघडते. त्या कांडीसाठी मात्र थांबले आहे.